दीड अंश

श्वासात किती दारू आहे ते सांगणारी यंत्रं वर्षातून दोनदा प्रयोगशाळेत यायची. पोलीस शिपाई ती खोक्यात घालून आणत, काउंटरवर मांडत आणि पावती घेऊन जात. यंत्र हातात मावेल एवढं. वर प्लॅस्टिकची नळी लावायची, माणसानं दम संपेपर्यंत फुंकायचं, की खिडकीत आकडा उमटतो. तीसच्या आत असलात तर घरी, वर गेलात तर ठाण्यात. तो तीस खरोखरचा तीसच आहे ना, हे बघायचं काम गेली सव्वीस वर्षं एका बाईंकडे होतं.

बाई बावन्न वर्षांच्या. लग्न केलं नव्हतं, थोरल्या भावाबरोबर राहत. एका पॉइंटचा फरक निघाला तरी त्या यंत्र परत देत नसत, ठेवून घेत. म्हणून शिपायांनी त्यांचं नाव 'पॉइंटबाई' पाडलं होतं. तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाईंना मात्र ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

काम ऐकायला सोपं होतं. काचेच्या बरणीत मोजून दारू मिसळलेलं पाणी भरायचं आणि ते चौतीस अंशांवर गरम ठेवायचं, कारण माणसाच्या तोंडातून निघणारा श्वास साधारण तेवढाच गरम असतो. पाण्यातून हवा सोडली की जी वाफ वर येते तिच्यात किती दारू आहे हे आधीच ठरलेलं असतं. ती यंत्राला द्यायची. यंत्रानं ठरलेला आकडा दाखवला तर ठीक, नाहीतर त्याला त्या आकड्यावर आणून सोडायचं. थोडक्यात, बरणी मास्तर आणि यंत्र विद्यार्थी. मास्तरच चुकीचं शिकवत असेल तर विद्यार्थ्याला कळायला काही मार्ग नाही.

एका मंगळवारी सकाळी, बरणी ज्या गरम पाण्याच्या टाकीत बसवलेली असे तिच्यावरचा आकडा लुकलुकायला लागला. चौतीस, तेहतीस पूर्णांक नऊ, पुन्हा चौतीस. एखाद्यानं दुर्लक्ष केलं असतं. बाईंनी ड्रॉवरमधला काचेचा तापमापक काढला आणि पाण्यात बुडवला. पारा साडेबत्तीसवर थांबला.

त्यांना आधी वाटलं, काचेचाच बिघडला असेल, जुना आहे. त्यांनी वाटीभर बर्फ कुटला, त्यात थोडं पाणी घातलं आणि तापमापक त्यात उभा केला. वितळता बर्फ शून्यावर असतो, त्याला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज नाही. पारा बरोबर शून्यावर आला. मग टाकीची बारीक धातूची कांडी, जी उष्णता मोजून वर आकडा दाखवायची, ती त्यांनी ओढून काढली आणि त्याच वाटीत धरली. वर आकडा आला, दीड.

बाई स्टुलावर बसल्या. कांडी दीड अंश जास्त सांगत होती. म्हणजे चौतीस दिसत होते तेव्हा पाणी साडेबत्तीसच होतं. पाणी कमी गरम, म्हणून वाफेत दारू कमी. आणि ती कमी दारू यंत्रांना पुरी म्हणून शिकवली गेली होती. यंत्रं नव्वदला शंभर म्हणायला शिकली होती. माणूस एकोणतीस फुंकत असेल तर ती बत्तीस सांगणार.

कधीपासून, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी नोंदवही काढली. कांडी वर्षातून एकदा बर्फात तपासायची असा नियम होता. शेवटची नोंद अकरा महिन्यांपूर्वीची. 'शून्य. बरोबर.' खाली सही. अक्षर त्यांचंच होतं.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. भावाच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. प्रयोगशाळेतलं बर्फाचं यंत्र बंद पडलं होतं, बर्फ बाहेरून आणावा लागणार होता, आणि अकरा वाजता हॉस्पिटलमधून फोन आला की त्याला आत नेतायत, या. बाईंनी मागच्या वर्षीच्या ओळीकडे बघितलं, तेच शब्द खाली उतरवले, सही केली आणि धावत गेल्या. परत आल्यावर बघू असं ठरवलं होतं. चार दिवसांनी परत आल्या तेव्हा ते डोक्यातून पार निघून गेलं होतं. कांडी त्या दिवशीच बिघडलेली होती की नंतर कधी बिघडली, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

बाईंनी जाऊन प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं. साहेब त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. कांडी आजच बदला, म्हणाले, यंत्रं सगळी मागवून घ्या, पुन्हा लावून द्या. झालं ते झालं. बाईंनी विचारलं की अकरा महिन्यांत जे पकडले गेले त्यांचं काय. साहेब म्हणाले, ते काही दूध पिऊन आले नव्हते. त्यातला प्रत्येक जण प्यायलेलाच होता, जरा जास्त नाहीतर जरा कमी. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, हे वर कळवलं तर पहिला प्रश्न सहीचा येईल. तुमचा माझ्याहून जास्त अनुभव आहे. दोन दिवस विचार करा."

बाईंनी दोन दिवस घेतले नाहीत, पण ती संध्याकाळ त्यांना जड गेली. भाऊ कोर्टात टायपिस्ट होता, चाळीस वर्षं लोकांच्या साक्षी टाइप करून निवृत्त झालेला. जेवताना बाईंनी त्याला कांडीचं सांगितलं, सहीचं सांगितलं, तारीख तेवढी सांगितली नाही. त्यानं भांडी आवरली, पुसली, जागेवर लावली. मग म्हणाला, "माझ्या ऑपरेशनचा दिवस ना तो?"

बाई म्हणाल्या, सही मी केली, त्यात तुझा काही संबंध नाही.

"संबंध आहे की नाही ते राहू दे," तो म्हणाला. "तू लिहून दे. तोंडी सांगितलेलं कुणीही फिरवतं. आणि तारीख घाल त्यात. माझ्यासाठी म्हणून गाळू नकोस."

बाईंनी एका पानाचा अहवाल लिहिला. काय सापडलं, कसं सापडलं, तपासणीची सही कुणी केली आणि ती न तपासता केली. सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो वाचला आणि दिवसभर ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर शिक्का मारला आणि वर पाठवला. त्या मधल्या दिवसाबद्दल दोघं पुढं कधी बोलले नाहीत.

महिन्याभरात पोलिसांकडून यादी आली. त्या काळात ज्यांचा आकडा तीस ते चौतीसच्या मध्ये होता, म्हणजे खरा तीसच्या आत असू शकला असता, असे एकोणीस जण. बहुतेकांचा गाडी चालवायचा परवाना वर्षभरासाठी गेलेला. तेराव्या ओळीपुढं शेऱ्याच्या रकान्यात 'मृत्यू' असं लिहिलेलं होतं. आकडा बत्तीस.

ती केस बाईंना माहीत होती, सगळ्या शहराला माहीत होती. हॉस्पिटलच्या चादरी धुवायला नेणाऱ्या लाँड्रीच्या गाडीचा ड्रायव्हर. दुपारी साडेचारला एका वळणावर त्याच्या गाडीखाली सायकलवरची मुलगी आली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, ड्यूटी संपवून घरी चालली होती. ड्रायव्हर पळाला नाही. गाडीतल्या धुतलेल्या चादरी काढून तो तिच्या अंगाखाली घालत होता असं बघणाऱ्यांनी सांगितलं. त्याच्या तोंडाला वास होता. दुपारी एका सोबत्याचा निरोपसमारंभ होता, तिथं दोन ग्लास घेतले, हेही त्यानंच पोलिसांना सांगितलं. यंत्रात फुंकायला लावलं, बत्तीस आला. रक्ताचा नमुना घ्यायचा राहून गेला. आकडा होता, कबुली होती, तेव्हा कुणाला त्याची गरज वाटली नाही. दारू पिऊन गाडी चालवून जीव घेतला म्हणून पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यानं अपील केलं नव्हतं.

आता ते त्याच्या वकिलीणबाईंनी केलं, अहवालाच्या जोरावर. बाईंना साक्षीचं समन्स आलं.

कोर्टाची खोली लहान होती, उंच खिडक्यांची. साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा हातांनी घासून गुळगुळीत झालेला. ड्रायव्हर एका बाजूला दोन शिपायांमध्ये बसला होता. चाळिशीचा असेल, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडलेली. पलीकडच्या बाकावर पहिल्या रांगेत एक बाई एकट्या बसल्या होत्या, मांडीवर पिशवी धरून. त्या कोण हे कुणी सांगायची गरज नव्हती.

वकिलीणबाईंनी सगळं क्रमानं विचारलं, बाईंनी क्रमानं सांगितलं. बरणी, पाणी, कांडी, बर्फ. मग सरकारी वकील उठले. त्यांनी फार फिरवाफिरवी केली नाही.

"नोंदवहीत 'शून्य, बरोबर' असं आहे. सही कुणाची?"

"माझी."

"त्या दिवशी तुम्ही कांडी तपासली होती?"

"नाही."

"मग त्या दिवशी तुम्ही खोटं लिहिलंत. आज खरं सांगताय हे आम्ही कशावरून मानायचं?"

"माझ्यावरून मानू नका," त्या म्हणाल्या. "कांडी सीलबंद करून दिलेली आहे. बर्फात कुणीही धरून बघावी."

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि स्वतःच विचारलं, त्या दिवशी या माणसाचा खरा आकडा किती असेल. बाई म्हणाल्या, एकोणतीसच्या आसपास. एखादा पॉइंट इकडं तिकडं. कांडी तोवर बिघडली नसेल तर बत्तीसच. तीसच्या वर होता असं खात्रीनं म्हणता येणार नाही. आणि खाली होता असंही खात्रीनं म्हणता येणार नाही. टायपिस्टनं तेवढं टाइप केलं, आणि जेवणाची सुट्टी झाली.

बाहेरच्या व्हरांड्यात बाई पाण्याच्या नळापाशी उभ्या होत्या तेव्हा मुलीची आई त्यांच्याकडे चालत आली. शिवणकाम करणारी बाई होती, बोटांची टोकं सुईनं टोचून टोचून खरबरीत झालेली. तिनं विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूनं आलात. बाई म्हणाल्या, कुणाच्याच नाही. आई म्हणाली, असं नसतं.

मग म्हणाली, "तो प्यायला होता की नव्हता, एवढंच सांगा."

"प्यायला होता."

"मग?"

"कायद्यानं गुन्हा ठरतो त्याहून बहुतेक कमी."

"आणि माझ्या मुलीला गाडी किती लागली?" ती म्हणाली. "तीही कमीच का?"

चूक माझी आहे, एवढं त्या बोलल्या. ते ऐकायला आई थांबली नव्हती, वळून खोलीच्या दाराकडे गेली होती.

दुपारी वकिलांची भाषणं झाली. शेवटी न्यायाधीशांनी ड्रायव्हरला विचारलं की तुला काही सांगायचं आहे का. वकिलीणबाईंनी मान हलवून नको अशी खूण केली. केस हातात आलेली होती, आता गप्प बसलं की काम झालं होतं. तो उभा राहिला.

त्याला बोलायची सवय नव्हती. आधी हात कुठं ठेवावेत हेच त्याला कळेना. मग त्यानं ते मागं बांधले.

"त्या मॅडम म्हणाल्या ते मी ऐकलं," तो म्हणाला. "इतके दिवस मी समजत होतो, दारू होती म्हणून ती मला दिसली नाही. आत रोज तेच म्हणायचो. दोन ग्लास घेतले नसते तर. पण मॅडम म्हणतात, तेवढी नव्हती. मग मी शुद्धीत होतो."

वकिलीणबाई अर्ध्या उठल्या. न्यायाधीशांनी त्यांना हातानं बसवलं.

"माझ्या शेजारच्या सीटवर यादी होती. पुढच्या खेपेला कुठं कुठं जायचं त्याची. ती वळणावर घसरून खाली पडली. मी वाकलो. वर बघितलं तोवर झालं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं पण नाही. यंत्रात बत्तीस आल्यावर कुणीच काही विचारलं नाही. आणि मलाही ते बरंच वाटलं. दारूनं केलं म्हटलं की मग ते मी केलं असं वाटत नव्हतं."

तो खाली बसला. बाकावरच्या आईनं पिशवी छातीशी घट्ट धरली होती. ती रडली नाही. तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं, आणि तोही खाली न बघता तसाच बसून राहिला. आपल्या बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. आपण एका माणसाला सोडवायला आलोय असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांच्या देखत तो माणूस सुटायचा सोडून उलट अडकला होता.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. दारूचा गुन्हा रद्द झाला. बेपर्वाईनं जीव घेतल्याचा गुन्हा कायम राहिला, त्याच्याच तोंडच्या शब्दांवर. पाचाची तीन वर्षं झाली. यादीतल्या बाकी अठरा जणांपैकी बहुतेकांना परवाना परत मिळाला. त्यातल्या एकानं बाईंना चार ओळींचं पत्र पाठवलं. वर्षभर घरात बायको-मुलांनी मला दारुडा म्हटलं, ते कोण परत घेणार, असं त्यात होतं. बाईंनी उत्तर लिहायला तीनदा घेतलं. शेवटी पाठवलं ते एवढंच, की तुम्ही म्हणताय ते खरं आहे.

चौकशीत बाईंचा सहीचा अधिकार गेला. त्यांना पाणी तयार करायच्या खोलीत बसवलं. त्या दारू मोजून मिसळत, आणि त्यावर दुसरंच कुणीतरी सही करी. शिपायांना आता त्यांच्याशी काम उरलं नव्हतं. काउंटरवरून जाताना एखादा मान लववायचा, एखादा दुसरीकडे बघायचा. 'पॉइंटबाई' हे नाव काही दिवस वेगळ्या अर्थानं चाललं आणि मग बंदच झालं. भावानं तो विषय घरात काढला नाही. फक्त हॉस्पिटलच्या तपासणीला तो आता एकटाच जायला लागला. येते म्हटलं तरी बाईंना येऊ द्यायचा नाही.

निकालानंतर दोन-अडीच महिन्यांनी मुलीची आई प्रयोगशाळेत आली. तिनं काउंटरवर बाईंची चौकशी केली आणि त्या आल्यावर म्हणाली, मला ते यंत्र बघायचं आहे. बाईंनी साहेबांना विचारलं. साहेबांनी नुसतं दार उघडून दिलं.

बाईंनी तिला सगळं पहिल्यापासून दाखवलं. बरणी दाखवली, नवी कांडी दाखवली, वाफ कशी येते ते दाखवलं. आईनं मध्ये फारसं विचारलं नाही. यंत्र हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, एवढंसंच आहे. मग म्हणाली, तिच्या मापाच्या टेपा पण ताणल्या जातात. रोज वापरल्या की कापडी टेप वर्षात अर्धा इंच तरी खोटं बोलायला लागते, म्हणून ती दर वर्षी नवी घेते. जुनी कात्रीनं कापून टाकते, नाहीतर घाईत हाताला तीच लागायची.

"मला तुमचा राग येतो," ती म्हणाली, त्याच आवाजात. "दारूनं नेलं असं होतं तेव्हा मला एक ठिकाण होतं राग धरायला. आता काय, एक कागद खाली पडला. कागदावर कुणी राग धरतं का?"

बाई म्हणाल्या, माझ्यावर धरा.

"धरलाय," आई म्हणाली. "पण त्यानं ते सांगितलं ते ऐकायला मिळालं. ते तुमच्यामुळे. त्याचं काय करायचं मला कळत नाही."

बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. थोड्या वेळानं ती जायला निघाली तेव्हा बाईंनी तिला बस थांब्यापर्यंत सोबत येते म्हटलं. तिनं नको म्हटलं नाही.

थांब्यावर दोघी उभ्या राहिल्या. समोर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. मग आई आपल्या मनगटाकडे बघत बोलायला लागली. पहिल्या वर्षाला असताना मुलगी रोज संध्याकाळी तिची नाडी मोजायची, म्हणाली. सराव म्हणून. घड्याळ समोर ठेवून पुरं एक मिनिट. शिवण अडून राहायची, गिऱ्हाईक दारात उभं असायचं, पण हात सोडायची नाही. आणि एकदा मोजून झालं तरी आकडा सांगायची नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

"मी म्हणायचे, अगं, झालं ना आता, सोड. तर म्हणायची, आई, बोलू नकोस, चुकेल."

बस आली. आई चढली आणि खिडकीशी बसली. तिनं बाहेर बघितलं नाही. बस वळणापलीकडे जाईपर्यंत बाई तिथंच उभ्या होत्या, मग कामावर परत गेल्या.